कॅमेऱ्याला पापणी नसते

लोक विचारतात, "चाचा, कॅमेऱ्यासोबत घ्यायची सगळ्यात उपयोगी वस्तू कोणती?" विचारताना त्यांची नजर काचेच्या कपाटातल्या वरच्या फळीवर असते, कारण काळ्या, चकचकीत, महागाच्या वस्तू तिथंच मांडलेल्या असतात. मी मात्र काउंटरखालच्या खणात हात घालतो आणि रबराचा एक फुगा काढून पुढं ठेवतो. मुठीत मावेल एवढा, पुढं बारीक नळी, दाबला की फुस्स. गिऱ्हाइकाचं तोंड एवढंसं होतं. एका डॉक्टरांनी तो हातात घेऊन मला विचारलं होतं, "चाचा, हा तान्ह्या बाळाच्या नाकाचा आहे की कॅमेऱ्याचा?" मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, कॅमेराही तान्हंच असतं, घेऊन तर बघा." त्यांनी घेतला नाही. तीन पायांचं एक भलंमोठं स्टँड घेतलं, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यावर सध्या त्यांच्या घरचे टॉवेल वाळतात.

सात रस्त्याजवळच्या एका बोळात मी चौतीस वर्षं कॅमेऱ्याचं सामान विकलं. कॅमेरे विकणं आम्ही केव्हाच सोडलं. ते लोक पुण्याहून आणतात, नाहीतर फोनवर बोट दाबून मागवतात. पण कॅमेरा घरात आला, खोका फोडला आणि "आता पुढं काय?" असा प्रश्न पडला, की पावलं आपोआप आमच्या बोळाकडं वळतात. नवरी परगावची असली तरी चुडा गावातच भरतात, तसं माझं दुकान. आता गल्ल्यावर मुलगा बसतो. मी दुपारी दोन-तीन तास जातो, जुन्या गिऱ्हाइकांशी भांडतो आणि घरी येतो.

या धंद्यात मी खूप सल्ले दिले, त्यातले बरेच फुकट गेले. काही सल्ले मात्र मीच द्यायला नको होते. आमच्या सोलापुरात उन्हाळ्यात ओला टॉवेल दारातून आत आणेपर्यंत वाळतो, आणि मी याच गावात दमटपणा घालवणारी विजेची पेटी विकलेली आहे. हो, विकली. भिंगांना बुरशी लागू नये म्हणून कोकणातले लोक ती घेतात. सोलापुरात बुरशी लागायला आधी बुरशीला रेल्वेनं यावं लागेल. पण वैद्य सरांनी मागितली आणि मी दिली.

वैद्य सर म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. रेल्वे लाइन्स भागात एकटे राहतात. महिन्यातून एकदा दुकानात येणार, चष्मा कपाळावर चढवणार, खिशातली यादी काढणार आणि एकेक वस्तू घेऊन जाणार. फिल्टर, पट्टे, पिशव्या, ब्रश, दिवे, सगळं. आणि फोटो? एकही नाही. कारण सर पाकीट फोडत नसत. "वस्तू कोरी असते तोवर तिच्यात काय वाटेल ती शक्यता असते, इक्बाल," असं ते मला समजावून सांगायचे. त्यांच्या घरी एक आख्खं कपाट माझ्याच दुकानातल्या न फोडलेल्या पाकिटांनी भरलेलं होतं. माझं अर्धं आयुष्य त्या कपाटात सीलबंद आहे असं मी बायकोला म्हणायचो. ती म्हणायची, "अच्छा है जी, उधर तो धूल नहीं लगती."

सर ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहेत.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो ती सांगतो. गेल्या साली नवरात्र बसायच्या सुमारास एक दिवस दुकानाच्या पायरीवर आधी एक काठी टेकली. मग तांबडं पागोटं दिसलं, आणि मग खांद्यावर घोंगडं टाकलेले एक आजोबा आत आले. त्यांच्या मागं तेवीस-चोवीस वर्षांची नात, छातीशी कॅमेऱ्याचा खोका धरून. मंगळवेढ्याकडची माणसं, मेंढरं राखणारी. मुलीचं नाव रूपाली. मंगळवेढ्यात एका स्टुडिओत दोन वर्षं दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर हात बसवलेला, आणि आता पहिल्यांदा स्वतःचा घेतलेला. मिररलेस.

"चाचा, ह्याला काय काय लागंल त्ये द्या," ती म्हणाली.

आजोबा लगेच म्हणाले, "काय काय न्हाय. लागंल तेवडंच. ह्यो डबा म्हंजी माजी नऊ मेंढरं हायत."

मग सगळी हकिगत कळली. आबांनी, आजोबांना सगळे आबाच म्हणत, आपल्या वाटणीची नऊ मेंढरं विकून नातीला कॅमेरा घेऊन दिला होता. रूपालीच्या वडिलांना ते अजिबात पटलं नव्हतं. त्यांनी बजावलं होतं, दसऱ्यापर्यंत एक तरी काम मिळवून दाखव, नाहीतर कॅमेरा विकायचा आणि परत मेंढरं आणायची. आणि काम मिळालं होतं. श्रीपूरकडच्या एका साखर कारखान्यात रूपालीचे मामा नोकरीला होते. दसऱ्याच्या दिवशी कारखान्यात बॉयलर पेटवायचा कार्यक्रम असतो, तिथून गळीत हंगामाची सुरुवात. त्याचे फोटो काढायला मामांनी भाचीसाठी शब्द टाकला होता. फोटो चांगले आले तर आख्ख्या हंगामाचं काम तिलाच मिळणार होतं.

मी उत्साहानं वरच्या फळीवरच्या एकवीस वस्तूंच्या संचाला हात घातला. तेवढ्यात आबांनी स्टूल ओढलं, त्यावर मांडी घातली आणि माझी तपासणी सुरू केली. चौतीस वर्षांत माझ्या दुकानात एवढा चोखंदळ गिऱ्हाईक आलेला नव्हता, आणि या माणसानं जन्मात एकही फोटो काढलेला नव्हता.

मी पहिल्यांदा पट्टा दाखवला, बारीक, कातडी, दिसायला झकास. आबांनी तो गळ्यात घालून पाहिला. "मेंढराच्या गळ्यात बारीक दोरी घातली तर कापतंय. रुंद द्या." रुंद दिला. मग मी बॅटरीचं सांगितलं. मिररलेस कॅमेऱ्याच्या आतला छोटा पडदा कायम पेटता असतो, म्हणून तो बॅटरी फार खातो. एकीवर दिवस निघत नाही. आबांनी मान डोलावली. "म्हंजी खानारी जात हाय. दोन जादा द्या." मग मेमरी कार्ड. मी म्हटलं, एक मोठं घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्यावीत. का, हे सांगायच्या आत आबाच रूपालीला म्हणाले, "बराबर हाय की! समदी मेंढरं एका वाघरात कोंडायची न्हाईत. लांडगा आला तर?" वाघर म्हणजे रात्री मेंढरं राखायचं जाळं. हे वाक्य मी तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो, आबांचं नाव न घेता.

पिशवी निवडायला मात्र अर्धा तास गेला. आबांनी पाचही पिशव्या बघितल्या, एकीत कॅमेरा आणि दोन विटा घातल्या, ती घोंगड्यावरून पाठीला लावली आणि दुकानातून चालते झाले. मी आणि रूपाली दारात उभे. आबा सात रस्त्याला वळसा घालून, रिक्षावाल्यांना काठी दाखवत, परत आले आणि पिशवी खाली ठेवून म्हणाले, "खांदा बोलला न्हाय. हीच घ्या." त्या दिवसापासून आमच्या दुकानात पिशवी घ्यायच्या आधी गिऱ्हाइकाला बोळाच्या टोकापर्यंत चालवून आणायची पद्धत पडली आहे.

स्टँडचा विषय तर त्यांनी एका झटक्यात संपवला. मी तीन पायांचं उभं केलं. आबांनी स्वतःची काठी जमिनीला टेकवली, तिच्या टोकावर मूठ धरली आणि रूपालीला म्हणाले, "ठेव हितं डबा." तिनं आजोबांच्या मुठीवर कॅमेरा टेकला आणि रस्त्यावरच्या उसाच्या गाड्याचा फोटो काढला. फोटो इतका स्थिर आला की मी मुकाट्यानं स्टँड मिटून ठेवलं.

शेवटी मी तिला भिंग कसं काढायचं, कसं बसवायचं ते दाखवत होतो. बाहेरच्या वाचकांना थोडं समजावून सांगतो. जुन्या कॅमेऱ्यात भिंगाच्या मागं आरसा असायचा, त्याच्यामागं उघडझाप करणारा पडदा, आणि त्याच्यामागं चित्र उमटायची जागा. देव गाभाऱ्यात आणि बाहेर दोन दारं, असा बंदोबस्त. मिररलेसमध्ये आरसाच काढून टाकला आणि पडदा उघडाच ठेवला. कॅमेरा हलका झाला, छोटा झाला, पण एक झालं. भिंग काढलं की आतली ती टपालाच्या तिकिटाएवढी काच, जिला सेन्सर म्हणतात, बहुतेक कॅमेऱ्यांत सरळ उघडी पडते. कॅमेरा बंद असला तरीही. धूळ, केस, शिंक, काहीही तिथं जाऊन बसतं, आणि मग तो डाग प्रत्येक फोटोत त्याच जागी येतो.

आबा वाकून आत बघत राहिले. त्यांनी पागोटं मागं सारलं.

"भाई, ह्येला पापनी न्हाय व्हय?"

"नाही आबा. म्हणून तर हे झाकण," मी म्हटलं, आणि प्लास्टिकचं साधं गोल झाकण दाखवलं. "भिंग काढलं की लगेच हे बसवायचं. हे कॅमेऱ्यासोबत फुकट येतं आणि लोक ते पहिल्या दिवशी हरवतात."

"हीच पापनी मग," आबा म्हणाले, आणि नातीकडं वळले. "पोरी, समदं इसर, पन पापनी इसरू नगंस."

मी फुगाही घ्यायला लावला. भिंगावर लावायची साधी संरक्षक काचही दिली. एकवीस वस्तूंचा तो चकचकीत संच वरच्या फळीवर तसाच राहिला, आणि मला त्या दिवशी स्वतःचाच अभिमान वाटला. जाताना मी रूपालीला म्हटलं, "खंडेनवमीला कॅमेरा घेऊन ये. आमच्याकडं पूजा असते."

ही पूजा माझी नव्हे, मालकांची. ज्यांचं हे दुकान होतं ते मालक तेलुगू विणकरांच्या घरातले. माग सोडून कॅमेऱ्याकडं आले, पण मागाची रीत सोबत घेऊन आले. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, अवजारांची पूजा करायची, आणि ती अवजार सुटं करून करायची. विणकर मागावरून धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारं लाकडी अवजार, काढून त्याला वेगळं कुंकू लावतात, तसं भिंगाला वेगळं, बॉडीला वेगळं. "जोडलेल्या अवजारात एकाची पूजा दुसरा खातो," असं मालक म्हणायचे. मालक गेले, दुकान माझ्याकडं आलं, पूजाही आली. गावातले आणि तालुक्यातले पंधरा-वीस फोटोग्राफर येतात, चौरंगावर कॅमेरे मांडतात, त्यांच्यातला वडीलधारा नारळ फोडतो. कॅमेरे सुटे करून ओळीनं मांडायचं काम माझं, आणि शिरा माझ्या बायकोचा. मी नमाजी माणूस, पण त्या दिवशी चौरंगावरची ओळ सरळ लागली नाही तर मला चैन पडत नाही.

त्या खंडेनवमीला दुकान गच्च भरलं होतं. रूपाली सकाळी लवकर एसटीनं आली, सोबत आबा, नवं धोतर नेसून. मी मांडणीला लागलो. रूपालीखेरीज मिररलेस तिघांकडंच होते. ते म्हणाले, "चाचा, आमचं भिंग राहू द्या." मी मनात म्हटलं, आजकालच्या पोरांना रीत नको. रूपालीनं मात्र लगेच कॅमेरा माझ्या हातात दिला. मी भिंग काढलं, डावीकडं ठेवलं. झाकण बसवलं. मग मला वाटलं, झाकलेल्या अवजाराची कसली पूजा? चौतीस वर्षं माझे हात तेच करत आलेले. मी झाकण काढलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं.

आठ दिवसांपूर्वी त्याच काउंटरवर, त्याच मुलीला, त्याच झाकणाबद्दल प्रवचन देणारा मीच.

हळदकुंकू झालं. नारळ फुटला. आणि आबांना भरून आलं. त्यांनी कमरेची पिशवी सोडली, मूठ भरली आणि आढ्याला लागेल अशा आवाजात ओरडले, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" भंडाऱ्याची मूठ वर गेली. वर पंखा होता. पाचवर.

यापुढचे दोन सेकंद मी आयुष्यात विसरणार नाही. आख्खं दुकान पिवळं झालं. माणसं पिवळी, भिंती पिवळ्या, काचेची कपाटं पिवळी, वरच्या फळीवरचा एकवीस वस्तूंचा संच पिवळा. माझ्या पांढऱ्या दाढीचं जे झालं ते सांगत नाही. तेवढ्यात माझी बायको शिऱ्याचं पातेलं घेऊन आत आली आणि दारातच थबकली. "या अल्ला! दसरा है की होली जी? पंखा कौन चलाया?" सगळे खदाखदा हसायला लागले. मी तर काउंटरला धरून हसत होतो, पोट दुखेपर्यंत. आबाही हसत होते, आणि आणखी एक मूठ टाकायच्या तयारीत होते.

रूपाली हसत नव्हती. ती चौरंगासमोर उभी होती.

"चाचा," ती म्हणाली, "पापनी कुटं हाय?"

माझा हात शर्टाच्या खिशावर गेला. झाकण तिथंच होतं. माझं हसू जागच्या जागी विझलं.

आत बघितलं तर सेन्सर दिसतच नव्हता. हळदीचा थर. कारखान्यातला कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळी, श्रीपूर शंभरेक किलोमीटरवर, कॅमेरा एकच. पुण्याच्या दुरुस्ती केंद्राला सुटी. दुकानात जमलेल्या प्रत्येकाला दसऱ्याचं काम होतं, स्वतःचा कॅमेरा कोण देणार? तिघांनी मला नको म्हटलं होतं आणि ते वाचले होते. जिनं माझ्यावर विश्वास ठेवला तिचीच नऊ मेंढरं मी हळदीत बुडवली होती.

आबा पुढं झाले. "फुकू का? एका दमात साफ करतो."

"आबा!" मी आणि रूपाली एकदम ओरडलो. तोंडानं फुंकलं की थुंकीचे शिंतोडे जातात आणि हळदीचा लगदा होतो.

मी फुगा काढला. कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडं करायचं आणि खालून हवा मारायची, म्हणजे सुटलेलं खाली पडतं. आबांनी कॅमेरा पालथा धरला, रूपालीनं खालून टॉर्च, आणि मी फुस्स, फुस्स, फुस्स. दुकानातले सगळे फोटोग्राफर श्वास रोखून उभे. पिवळी धूळ खाली पडत होती. पाव तासानं भिंग लावून बाहेर बोळातल्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून बघितला. बरंचसं गेलं होतं. पण सहा-सात डाग चिकटून होते, ते काही केल्या हलेनात. आबांच्या पिशवीत भंडाऱ्याबरोबर सुक्या खोबऱ्याचे तुकडे होते. खोबऱ्याचं तेल हळदीला लागलं होतं.

तेलाचा डाग हवेनं जात नाही. त्यासाठी खास चपट्या काड्या मिळतात, टोकाला मऊ कापड गुंडाळलेल्या. दोन थेंब द्रव टाकायचा, सेन्सरवरून एका बाजूनं एकदा ओढायची, मागं न्यायची नाही, मग काडी फेकून द्यायची. एवढीशी गोष्ट. आणि माझ्या दुकानात, जिथं पाण्याखाली कॅमेरा चालवायची पेटीही मिळते, ती काडी नव्हती. खपत नाही म्हणून दोन वर्षांपूर्वी मी ती मागवणं बंद केलं होतं. शेवटचं पाकीट कुणी नेलं होतं, हे आठवलं आणि मी स्कूटरची किल्ली उचलली.

वैद्य सरांनी दार उघडलं तेव्हा समोर तीन पिवळी माणसं उभी होती. स्कूटरवर मी आणि रूपाली, मागून रिक्षानं आबा. सरांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. मी धापा टाकत सगळं सांगितलं. सर आत गेले, कपाट उघडलं आणि पाकीट घेऊन आले. कोरं करकरीत. पण हातातून सोडेनात.

"इक्बाल, हे फोडायचं?"

"सर, नवं आणून देतो. दोन आणून देतो."

"प्रश्न तो नाही रे. हे फोडलं की..." आणि सर थांबले.

आबा सोफ्यावर बसून कपाटाकडं बघत होते. वरपासून खालपर्यंत पाकिटं, सगळी बंद. "मास्तर," ते म्हणाले, "कोंबडी अंड्यावर बसती ती पिल्लं काढाया. तुमी नुस्तंच बसलाय की."

मला वाटलं आता सर आम्हाला बाहेर काढतात. पण त्यांनी टेबलाच्या खणातून कात्री आणली, पाकिटाच्या कडेवर पट्टी ठेवावी तशी ती ठेवली आणि सरळ रेषेत कापलं. आतला वास घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं तसं मी फक्त नव्या पाठ्यपुस्तकाच्या वासानं मुलांच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे.

काडी माझ्या हातात आली. मी ती कॅमेऱ्याच्या तोंडाशी नेली, पण तिचं टोक सरळ राहीना. वय, आणि वर केलेल्या चुकीची लाज. मी दोनदा प्रयत्न केला आणि दोनदा हात मागं घेतला.

"द्या हिकडं, चाचा," रूपाली म्हणाली. "मेंढीच्या डोळ्यातलं कुसळ काढतो आमी. हात हालला तर मेंढी आंदळी हुती. आबा, धरा."

आबा खाली बसले. मेंढी धरतात तसा त्यांनी कॅमेरा दोन्ही गुडघ्यांमध्ये पक्का धरला, वर तोंड करून, आणि तोंडानं हळू आवाजात च्यक् च्यक् करायला लागले. कॅमेरा बुजू नये म्हणून! मला इतकं हसू आलं की मी तोंडावर रुमाल धरला. रूपालीचं लक्ष कुठंच नव्हतं. तिनं काडी आत घातली, एकदा ओढली. श्वास घेतला. दुसरी काडी घेतली, एकदा ओढली. सरांच्या भिंतीचा फोटो काढला. एक बारीकसा डाग सोडला तर सगळं स्वच्छ.

"आणखी एक ओढू का?" मी विचारलं.

"नगं. लई चोळलं की डोळा सुजतोय," ती म्हणाली. मी चौतीस वर्षं हेच शिकवत होतो आणि आता ऐकत होतो. तिनं हात पुढं केला. मी खिशातलं झाकण तिच्या हातावर ठेवलं, आणि मग भर दिवाणखान्यात, मास्तरांच्या समोर, मी तिची माफी मागितली. आधी मागायला हवी होती. ती म्हणाली, "आवो चाचा, भंडारा आबांनी उदळला की." आबा म्हणाले, "पंखा भाईचा व्हता." आणि आम्ही सगळेच हसत सुटलो.

तेवढ्यात कर्रर्र असा आवाज आला. वैद्य सर दुसरं पाकीट फोडत होते. मग तिसरं. कुणीही थांबवू शकलं नाही. फिल्टर, पट्टे, दिवे, ब्रश, सगळं बाहेर यायला लागलं. जमिनीवर प्लास्टिकचा ढीग. शेवटी त्यांनी आपला कोरा कॅमेरा काढला, आबांवर धरला आणि आयुष्यातला पहिला फोटो घेतला. त्यात आबांचं पागोटं आहे आणि आबा नाहीत. "उद्या मीही येतो श्रीपूरला," सर रूपालीला म्हणाले. "जादाचा कॅमेरा सोबत असलेला बरा." दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीला आबा, रूपाली आणि खांद्यावर चार पिशव्या लटकवलेले वैद्य सर गेले.

त्या सकाळी मी घरात येरझाऱ्या घालत होतो. बायको म्हणाली, "बैठो जी, बेटी के निकाह में भी इतना नहीं घूमे थे." दुपारी फोन वाजला. रूपाली काही बोलायच्या आतच मागून आबांचा आवाज आला, "चांगभलं!" मी बसलो.

तिला आख्ख्या हंगामाचं काम मिळालं. मेंढरांचा विषय तिच्या वडिलांनी परत काढला नाही. कारखान्यावर जमलेल्या ऊसतोडणी मजुरांना ती त्यांचे फोटो काढून देते, बैलासकट, आणि त्यासाठी रांग लागते असं सर सांगतात. सर हल्ली पक्ष्यांचे फोटो काढतात. बरेचसे पक्षी उडून गेल्यानंतरच्या फांदीचे असतात, पण काढतात. सेन्सर पुसायच्या काड्या मी परत ठेवायला लागलो आहे. आणि या खंडेनवमीला पूजेच्या आधी आबा चौरंगासमोर उभे राहिले, काठी आपटली आणि विचारलं, "समद्यांच्या पापन्या हायत का?" सगळे ओरडले, "हायत!" मग त्यांनी स्वतः जाऊन पंखा बंद केला, आणि मगच पिशवीला हात घातला. मालकांची रीत मी मोडली, भिंगं जागेवरच राहू दिली. मालक असते तर रागावले असते, पण त्यांच्या धोट्याला सेन्सर नव्हता.

गेल्या दिवाळीच्या आधी रूपाली एक फ्रेम घेऊन आली होती. कारखान्याची चिमणी, हंगामाचा पहिला धूर, आणि मोकळं आभाळ. त्या आभाळात, चिमणीच्या उजव्या बाजूला, एक पुसट ठिपका.

"बाकीच्या फोटोंतला कम्प्युटरवर पुसला," ती म्हणाली. "ह्यातला आबांनी पुसू दिला न्हाय. त्यो बिरोबाचा हाय म्हनत्यात."

मी वरच्या फळीवरचा एकवीस वस्तूंचा संच खाली काढला आणि त्या जागी फ्रेम लावली. आता गिऱ्हाईक येतं, वर बघतं, डोळे बारीक करतं. "चाचा, फोटो झकास आहे. पण तो डाग कुणाचा?"

"माझा," मी म्हणतो, आणि काउंटरखालच्या खणात हात घालतो.